गुडरूनचं घर हायवेनं आलं, त्याची हकीकत

झेलेना,
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

ती. नास्त्याताईस,

धाकट्या ओरेस्टचा वाकून नमस्कार, म्हणजे कंबर जितकं वाकू देते तितकं वाकून. तुझा गुडघा कसा आहे? व्हिक्टोरियाच्या समुद्रावरची दमट हवा त्याला मानवत नाही असं मागे म्हणाली होतीस. मोहरीच्या तेलानं चोळून बघ, नाहीतर जावईबापूंच्या डॉक्टराचं ऐक, दोन्हीचा गुण सारखाच. मुलगी, जावई, नातवंडं खुशाल असतील. माझी तब्येत उत्तम आहे. डॉक्टरीणबाईंनी मीठ बंद करायला सांगितलंय, आणि मी ते सूपमधून बंद केलंय (लोणच्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही). कापणी वेळेवर उरकली. गहू बरा उतरला, कॅनोला त्याहून बरा. शेत आता दुसऱ्याच्या हाती असलं तरी कापणीच्या दिवसांत मला घरी बसवत नाही, म्हणून इलिया दुमान्स्कीचा धान्याचा ट्रक मी चालवला. इलिया म्हणतो, तुला पगार देण्यापेक्षा जेवायला घालणं महाग पडतं. पांढरी बदकं दक्षिणेला निघालीत. पत्राला तसं विशेष कारण नाही. तू म्हणतेस मी फोनवर नुसता 'हो, हो' करतो, म्हणून म्हटलं सावकाश लिहावं.

आधी आपल्या हायवेची खबर देतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरूनच आलं. तू गेलीस तेव्हा तो वाईट होता. आता नॉर्डबीपासून झेलेनापर्यंतच्या पट्ट्यात डांबर म्हणजे दुधावरची साय, बोट लावलं की सुरकुती पडते. त्याला हायवे म्हणायचं ते केवळ नकाशाचा मान राखायला. खड्डे बुजवण्याऐवजी रस्तेखात्यानं दर वर्षी एक नवी पाटी लावली. पहिली 'रस्ता खडबडीत', पुढची 'रस्ता तुटका', तिच्यापुढची 'सावकाश'. एका पाटीच्या बुडाशी असा खड्डा पडला की पाटीच आडवी होऊन त्यात गेली. तेव्हा इलिया म्हणाला, निदान एक खड्डा तरी खात्यानं स्वतःच्या सामानानं भरला.

तर वसंतात, चिखल वाळायच्या आधी, खात्याचा पेल्टिए नावाचा साहेब नकाशा घेऊन आपल्या हॉलमध्ये आला. तरुण पोरगा, गोरागोमटा, फार सभ्य. त्यानं अगदी हळू आवाजात सांगितलं की या पट्ट्यावर गाड्या फार कमी धावतात, तेव्हा डांबर उखडून खडी टाकायची ठरली आहे. आणि हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी नॉर्डबीला सगळ्यात शेवटी जाईल. शेवटी म्हणजे कधी, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, वादळ मोठं असलं तर चारपाच दिवसांनीही.  इलियानं विचारलं, मधल्या काळात नॉर्डबीत कुणी मेलं तर? साहेब म्हणाला, त्याची वेगळी सोय करता येईल. मागच्या बाकावरून गुडरून ट्वाइट उठली आणि म्हणाली, "बाळा, मेल्यावर मला घाई नसेल. जिवंतपणी दूध संपलं तर काय करायचं ते सांग." साहेबानं नकाशाची घडी घातली ती उलटी घातली, आणि मग सगळा वेळ ती सरळ करत बसला.

गुडरून तुला आठवतच असेल. बर्फावर दगड सरकवायच्या त्या कर्लिंगच्या खेळात नॉर्डबीच्या बायकांच्या संघाची ती कॅप्टन, जिनं आपल्या संघाला लागोपाठ हरवलं आणि नंतर आपल्याच हॉलमध्ये आपल्याच बायकांना कॉफी वाढली. (तू तिला गारगोटी म्हणायचीस. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.) तिचा नवरा स्वेरे जाऊन बरीच वर्षं झाली. नॉर्डबीत आधी शाळा बंद पडली, मग दुकान, मग धान्याचं उंच कोठार पाडलं, आणि आता तीन घरं उरलीत. त्यातल्या एकातले नवराबायको हिवाळाभर अ‍ॅरिझोनात असतात. दुसऱ्यात मांजर राहतं. तिसरं गुडरूनचं. म्हणजे पहिला बर्फ पडला की सबंध गावात ती आणि ते मांजर, आणि मांजराचं तिच्याशी पटत नाही.

आता तू विचारशील, तुला रे एवढं कसं माहीत? सांगतो. मारुस्या गेली त्या हिवाळ्यात लोकांनी मला इतकं जेवण आणून दिलं की फ्रीजचं दार लागेना. महिनाभरानं सगळे आपापल्या कामाला लागले. बायको मेलेल्या माणसाला महिनाभरानंतरही भूक लागते हे कुणाच्या लक्षात येत नाही. गुडरूनच्या आलं. ती बटाट्याच्या पातळ पोळ्या घेऊन आली, त्या टेबलावर ठेवल्या, माझ्या स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि भांडी घासून निघून गेली. पोळ्यांचा डबा परत करायला मी नॉर्डबीला गेलो. तिथे तिच्या तळघरातल्या, घर तापवणाऱ्या भट्टीचा आवाज मला जरा वेगळा वाटला. तेव्हापासून दर गुरुवारी मी ती भट्टी तपासायला जातो. (भट्टीत खोट काही नाही. पण भट्टीचा भरवसा काय. उन्हाळ्यातसुद्धा एक नजर टाकलेली बरी.)

त्या सभेनंतर तिच्या मुलानं, आर्नेनं, कॅल्गरीहून तगादा लावला. त्याच्या इमारतीत नवव्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होणार होता, खिडकीतून डोंगर दिसणारा. पोरगा वाईट नाही ताई, आईच्या काळजीनं त्याला झोप येत नसे. एका गुरुवारी मी भट्टीचं काम आटोपून कॉफी पीत होतो आणि त्याचा फोन आला. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "आर्ने, तू म्हणतोस ते खरं आहे. इथे एकटीनं हिवाळा काढायचं माझं वय राहिलं नाही. मी हलते. पण घर घेऊन हलते." पलीकडून तो हसल्याचं मला ऐकू आलं. हिनं फोन ठेवला आणि लगेच एर्विन फ्रीझनला लावला. आपल्याकडची अर्धी घरं ज्यानं एका गावातून उचलून दुसऱ्या गावात नेऊन ठेवली, तोच तो मेनोनाइट पंथाचा फ्रीझन. मी विचारलं, "कुठे नेणार घर?" ती म्हणाली, "जिथे दुकान आहे, नर्स आहे, आणि भट्टी तपासणाऱ्याला इतकं पेट्रोल जाळावं लागणार नाही." मी कॉफीत साखर घातली. मी साखर घेत नाही.

गावात ही बातमी पसरली तशी दोन मतं पडली. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, दुसऱ्या पंथाची ल्यूथरन बाई आपल्या युक्रेनी घुमटाच्या चर्चशेजारी कशी राहील. इलिया म्हणाला, कित्येक वर्षांत या गावात वाढलेली गोष्ट म्हणजे फक्त आपली पोटं, आता एक घर वाढतंय तर वाढू द्या. चर्चमागे, गावाच्या उत्तर टोकाला त्याचा एक रिकामा तुकडा आहे, तो त्यानं देऊ केला. मग बायकाही म्हणाल्या, बरं, निदान कर्लिंगचा संघ तरी पुरा होईल.

कापणी संपल्यावर फ्रीझन आला. बुटका, मऊ आवाजाचा माणूस, सतत नाकातल्या नाकात भजन गुणगुणतो. त्याचं गुणगुणणं थांबलं की समजावं काहीतरी बिघडलंय. त्यानं घराच्या पोटाखाली लोखंडी तुळया सरकवल्या, चार बाजूंनी जॅक लावले, आणि ते दुमजली पांढरं घर पायापासून असं अलगद उचललं की जणू त्याला कुणी चहाला बोलावलंय. गुडरूननं विचारलं, कपबशा बांधून ठेवू का? फ्रीझन म्हणाला, "ट्वाइटबाई, माझ्या ट्रेलरवरून कप फुटला तर मी धंदा सोडीन." म्हणून तिनं कपाटाला नुसती सुतळी बांधली आणि घराला कुलूप लावलं. (घर दोन माणसांच्या उंचीवर होतं. आत शिरायचं तर चोराला शिडी आणावी लागली असती. पण सवय म्हणून लावलं.)

माझं काम असं: पिकअपच्या टपावर पिवळा दिवा, हातात लाल निशाण, आणि मी सगळ्यांच्या पुढे. माझ्यामागे फ्रीझनचा ट्रक, त्यामागे घर, घरामागे आपल्या छोट्या निळ्या गाडीत गुडरून, आणि तिच्यामागे पायी पायी ते मांजर, जे गावाच्या वेशीपर्यंत आलं, खाली बसलं आणि परत गेलं. गुडरून मला नंतर म्हणाली की नॉर्डबी सोडताना डोळे भरून येतील असं तिला वाटलं होतं, पण पुढे स्वतःचंच घर दिसत असल्यामुळे आपण कुठे सोडून चाललोय असं वाटेचना.

पहिला घोळ पुलाच्या अलीकडे झाला. या हायवेवर गाड्या नाहीत असं पेल्टिएसाहेब म्हणाला होता, आणि नेमका त्याच दिवशी समोरून इलियाचा पुतण्या आपलं हार्वेस्टर घेऊन आला, ज्याची रुंदी घराच्या ओसरीएवढी. मी निशाण हलवलं. त्याला वाटलं मी ओळख दाखवतोय, त्यानंही हात हलवला आणि पुढे येत राहिला. शेवटी नाकाला नाक लागल्यावर थांबला. घराला मागे जाता येत नाही, हार्वेस्टरला मागे जायचं नव्हतं. दोघं ड्रायव्हर खाली उतरले, पिकाबद्दल बोलले, गव्हाच्या भावाबद्दल बोलले, पुतण्यानं एकदा डोकं खाजवलं आणि यंत्र खाली धसकटांच्या रानात उतरवलं. घर त्याच्या शेजारून गेलं तेव्हा त्यानं टोपी काढली. मी म्हटलं, प्रेत नाहीये रे ते. तो म्हणाला, मला वाटलं घरात ट्वाइटकाकू बसल्यात.

दुसरा घोळ मोठा. दोन्ही गावांच्या साधारण मध्यावर, जिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणथळ आहे आणि बदकं बसतात, तिथे मी पुढे होतो आणि मागे फ्रीझनचं गुणगुणणं... ते मला अर्थात ऐकू येत नव्हतं, पण आरशात त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा थांबला. मग एक आवाज आला. मोठा नाही, पाव मोडल्यासारखा. डांबराची साय फाटली आणि ट्रेलरची उजवीकडची चाकं आसापर्यंत खाली गेली. घर एका अंगाला कललं, चर्चमध्ये डुलकी लागलेल्या माणसासारखं, आणि तिथेच राहिलं. पाणथळीतली सगळी बदकं उडाली, घरावरून एक फेरी मारून परत येऊन बसली.

 फ्रीझननं खाली उतरून चाकांकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग पुन्हा चाकांकडे. आस मोडला होता. नवा यायला शहरातून दोनतीन दिवस. गुडरून गाडीतून उतरली, तिनं माझ्या पिकअपमधली शिडी मागितली, ती दाराला लावली, वर चढली, कुलूप उघडलं आणि आत गेली. आम्ही खाली टोप्या हातात घेऊन उभे. थोड्या वेळानं तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "एर्विन, एक कप फुटला." फ्रीझनचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "तो आर्नेच्या बायकोनं दिलेला होता. तू धंदा सोडू नकोस."

त्या रात्री तिला माझ्याकडे, इलियाच्या बायकोकडे, नर्सकडे, सगळीकडे बोलावणं होतं. तिनं नाही म्हटलं. म्हणाली, आपलं घर असताना लोकांकडे कशाला झोपायचं. शिकारीच्या छोट्या गॅस शेगडीवर तिनं कॉफी ठेवली, पलंगाच्या खालच्या बाजूच्या पायांखाली पुस्तकं सरकवली, आणि हायवेच्या मधोमध तिचा संसार सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर तिनं शिडीशी पायपुसणं टाकलं होतं.

पेल्टिएसाहेबाला कुणीतरी कळवलं होतं. तो आला, गाडीतून उतरला, घराकडे बघितलं. शिडीपाशी जाऊन पाय पुसले (हे मला त्याचं आवडलं) आणि वर चढून दारातूनच म्हणाला, "ट्वाइटबाई, तुम्हाला हायवेवर राहता येणार नाही. नियमात बसत नाही."

"हायवे कुठाय?" गुडरूननं विचारलं.

"हा काय."

"मला दाखव. मी सकाळपासून खिडकीतून शोधतेय."

साहेब खाली आला, ट्रेलरपाशी गेला, त्या भोकात डोकावला. त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि ओल्या मातीनं भरून बाहेर आला.  मग पुन्हा वर चढला. गुडरूननं त्याला हात धुवायला पाणी दिलं, कॉफी दिली, आणि तिरक्या टेबलावर कप घसरू नये म्हणून कपाखाली ओलं फडकं ठेवलं. तिथे बसून त्यानं जे सांगितलं त्यानं माझं मत बदललं. म्हणाला, "काकू, दर वर्षी मी डांबर मागतो. दर वर्षी मला पाट्या देतात." तो गेला तेव्हा डब्यात पोळ्या घेऊन गेला.

मग लोक येऊ लागले. झेलेनाहून बघायला म्हणून आले, पण नुसतं बघायला कसं जायचं, म्हणून कुणी कोबीच्या पानातला भात आणला, कुणी बटाटा भरून उकडलेल्या पेरोही, इलियाच्या बायकोनं बीटाचं सूप आणलं, ते शिडीवरून वर नेताना इलियाच्या शर्टावर थोडं वाढलं गेलं. वर आलेला जो तो आधी घरात एक चक्कर मारी आणि उताराच्या भिंतीशी जाऊन थांबे. ज्या म्हाताऱ्या बायकांना ल्यूथरन शेजार नको होता, त्या तिच्या स्वयंपाकघरात एका ओळीत, एकाच बाजूला कलून, बटाटे सोलत बसल्या होत्या. पोरासोरांपेक्षा जुने लोकच जास्त आले. ताई, इतकी माणसं एका जागी मी शेवटची पाहिली ती आपल्या हॉलमध्ये, मारुस्याला पुरून आल्यानंतरच्या जेवणाला.

एका संध्याकाळी सगळे परतल्यावर मी शिडी उतरायला निघालो तर गुडरून म्हणाली, थांब जरा. आम्ही दारात पाय खाली सोडून बसलो. दोन्हीकडे सरळ रस्ता, गाडी एकही नाही, सूर्य नॉर्डबीच्या बाजूला टेकलेला.

ती म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला कोठार दिसायचं. ते पाडल्यावर काहीच दिसेना. तरी मी तिकडेच बघत भांडी घासायची. आज बदकं दिसली."

मी म्हटलं, "इलियाच्या तुकड्यावरनं चर्चचा मागचा भाग दिसेल."

"तिथून तुझं घर दिसतं?"

"नाही. मध्ये चर्च येतं."

तिनं मान वळवून झेलेनाच्या बाजूला बघितलं. मग म्हणाली, "ओरेस्ट, मी हट्ट करून घर हलवायला काढलं. नव्या जागी ते घर राहील, पण मी तिथली होईन का, ते मला कळत नाही. झेलेनात मला लोक कॉफी देतील, बर्फ काढून देतील. पण दार न वाजवता आत येणारं कुणी नसलं, तर कॅल्गरीचा नववा मजला काय वाईट?"

मला यावर फार चांगलं उत्तर सुचलं, पण ते घरी परत आल्यावर. तेव्हा मी म्हटलं, "भट्टी तर तपासावीच लागेल." ती हसली. ताई, ती हसते तेव्हा तुझ्या गारगोटीसारखी मुळीच दिसत नाही, एवढं मला नोंदवायचं आहे.

नवा आस आला. घर बाहेर काढायला फ्रीझननं दोन ट्रॅक्टर मागितले, आले सात. कापणी संपलेली, सगळे मोकळे, आणि प्रत्येकाला आपला ट्रॅक्टर इलियाच्या ट्रॅक्टरपेक्षा ताकदवान आहे हे दाखवायचं होतं. साखळदंड बांधले. फ्रीझननं सगळ्यांना टोप्या काढायला लावून छोटी प्रार्थना केली, मग हात वर केला. यंत्रं घरघरली, चिखलानं एक लांब उसासा टाकला आणि घर उठून सरळ उभं राहिलं. मग वरच्या मजल्यावरनं काहीतरी गडगडत जिना उतरलं. ती पलंगाखालची पुस्तकं होती. कप एकही फुटला नाही. फ्रीझन पुन्हा गुणगुणायला लागला.

दुपारी आम्ही झेलेनात शिरलो, आणि तिथे तिसरा घोळ उभा होता. चर्चकडे वळायच्या कोपऱ्यावर विजेच्या तारा रस्त्यावरून आडव्या जातात. त्या वर उचलून धरायला वीजकंपनीचा माणूस ठरलेल्या दिवशी येऊन, कुणी नाही असं बघून, परत गेला होता. फोन केला तर म्हणाले, आता नाताळानंतर. फ्रीझनला दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जिल्ह्यात एक शाळा उचलायची होती. तो म्हणाला, "मला आज संध्याकाळपर्यंत ट्रेलर मोकळा पाहिजे. तारांच्या अलीकडे सपाट, कोरडी, रिकामी जागा दाखवा, नाहीतर मी हे इथेच दुकानासमोर ठेवतो." दुकानदार म्हणाला, दुकानासमोर नको. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जागा दाखवली. घर तिथे टेकलं, आणि छान टेकलं. फ्रीझननं दारात पाणसळ लावून बघितली, बुडबुडा मधोमध. आता त्याखाली सिमेंटचा पाया आहे, नळ जोडलाय, भट्टी पेटलीय. आर्ने येऊन दोन रात्री राहून गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आता मला झोप येईल." मी म्हटलं, मला नाही यायची, तुझी आई पहाटे पाचला गाणं म्हणते.

हायवेचं म्हणशील तर डांबर उखडलं. पेल्टिएनं शहरात जाऊन कोणाकोणाला ते भोक समजावलं ठाऊक नाही, पण डांबर मिळालं नाही. खडी मात्र जाड पडली, खाली नवा भराव घालून, आणि पेल्टिए स्वतः दोन दिवस रोलरमागे चालताना लोकांनी पाहिला. खरं सांगायचं तर गाडी आता पूर्वीपेक्षा बरी चालते. हे इलियासमोर बोलू नये. तो अजून डांबरासाठी सह्या गोळा करतोय.

तर असं आहे सगळं. बाकी नवीन काही नाही. थंडीत लोकरी मोजे घालत जा, आणि गुडघ्याकडे बघ.

तुझा धाकटा भाऊ,
ओरेस्ट पिधिर्नी

ता. क. – फ्रीझनला मी जागा दाखवली असं वर लिहिलंय, ती कुठली हे लिहायचं राहून गेलं. माझ्या घराला लागून जो तुकडा आहे, आईनं तुझ्या नावावर केलेला, तो तारांच्या अलीकडे आहे, सपाट आहे, कोरडा आहे, आणि त्या दिवशी रिकामा होता. आता नाही. मी तुला आधी फोन करणार होतो, पण फ्रीझन घड्याळाकडे बघत होता आणि तुझ्याशी फोनवर बोलणं कधी लवकर आटपत नाही. नगरपालिकेच्या बाई म्हणतात, मालकिणीची संमती लागेल. तुझी सही आली तर बरं. नाही आली तरी फ्रीझन जूनमध्ये मोकळा आहे, पण घराला पुन्हा उचललेलं आवडेल असं वाटत नाही.

ता. क. २ – जागेची किंमत गुडरून द्यायला तयार आहे, आणि ती तुला मान्य असेल ती. पण माझं म्हणणं असं की घरच्या माणसाकडून किंमत काय घ्यायची. म्हणजे, ती घरची होणार आहे. ईस्टरआधीचे लेंटचे उपास लागायच्या आधी, फेब्रुवारीत. आपले फादर आणि तिचे पाद्री दोघंही येणार आहेत, आधी कुणी बोलायचं यावर त्यांचं चाललंय. मी तिला विचारलं ते पाया घालताना, सिमेंटचं घमेलं हातात घेऊन. ती म्हणाली, "आधी ते खाली ठेव, घट्ट होतंय." मग हो म्हणाली. मारुस्याला आवडलं असतं का, हा विचार मी रोज करतो. मला वाटतं, ती म्हणाली असती की याला दुसऱ्या वेळी तरी मुदतीत विचारता आलं. तू आलीस तर मला फार बरं वाटेल. तुझ्याखेरीज माझ्या बाजूनं उभं राहायला रक्ताचं कुणी नाही.

ता. क. ३ – पायासाठी खणताना कुंपणाकडच्या तणात आईचा लसूण निघाला. कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही, तरी आपला आपण तिथे इतकी वर्षं उगवत राहिला होता. गुडरूननं आयुष्यात लसूण खाल्लेला नाही. तिनं पाकळ्या वेगळ्या केल्या, जमीन गोठायच्या आत दक्षिणेच्या भिंतीशी ओळीनं लावल्या, वर पेंढा घातला, आणि मला म्हणाली, तुझ्या बहिणीला विचार, किती खोल लावायचा असतो, मी बोटाच्या दोन पेरांएवढा लावलाय. तेवढं कळव. उत्तर पत्रानंच दे. फोन हल्ली गुडरून उचलते, आणि तुझं पहिलं वाक्य तिच्या कानावर पडू नये असं मला वाटतं. दुसरं पडलं तर चालेल.